बिरोबाच्या स्टिकरखालचा दिवा

नाव जोतिराम मायाप्पा वाघमोडे, वय ४४ वर्षे, धंदा मोटारगाड्यांची इलेक्ट्रिक कामे, रा. कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर. मी स्वतः होऊन ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की,

माझे गॅरेज अक्कलकोट रोडला आहे. शनिवार, दि. ८ नोव्हेंबर रोजी सकाळी अकराच्या सुमारास शिवू धुळाप्पा पुजारी हा व्हॅन घेऊन आला. तो कुंभारीची मुले शहरातल्या शाळेत ने-आण करतो. खंडेनवमीच्या पूजेला गाडी आतूनही पाइप मारून धुतली, तेव्हापासून स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागतो, असे तो म्हणाला.

मी स्कॅनर लावला. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांचे कॉम्प्युटर दोन वायरींवरून एकमेकांना निरोप देतात. त्यांपैकी स्टिअरिंगचा मधूनमधून गप्प होत होता. मॅट उचलली, तर त्याच्या कनेक्टरच्या पिना पाणी जाऊन गंजून हिरव्या पडलेल्या. तो कॉम्प्युटर गप्प झाला की स्टिअरिंग एकदम जड होते. नवा कनेक्टर मंगळवारी येणार होता. तोवर गाडी उभी कर, असे मी सांगितले.

शिवू म्हणाला, "मामा, दिवा दिसला की पोरांच्या आया वरडत्यात. तेवढा घालवा की."

मी म्हणालो, "दिवा गेला म्हंजी बिघाड गेला न्हाय रं." यावर मी बराच वेळ बोललो. ते सर्व येथे सांगत नाही.

"झालं का भाषण? आता पुसा," असे तो म्हणाला. मी स्कॅनरवरून बिघाडाची नोंद पुसली. दिवा गेला.

आज मंगळवारी दुपारी चार वाजता कनेक्टर आला म्हणून त्याला फोन केला. तो हसत म्हणाला, "सकाळी वळणावर लई जड झालं, मग सुटलं. दिव्याचं इचारू नगा, त्याच्यावर बिरोबाचं स्टिकर लावलंय." गाडी जागेवर थांबव, असे मी म्हणेपर्यंत फोन कट झाला. नंतर बंद लागतो. शाळेत फोन कोणी उचलत नाही. शेजारचे अजिनाथ यांना मोटारसायकलवरून शाळेकडे पाठवून मी येथे आलो. त्यांचाही फोन आलेला नाही. कुंभारीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या आहेत.

व्हॅनमध्ये अकरा मुले असतात. त्यांत तुमचे कोणी आहे का, असे साहेबांनी विचारले. माझी मुलगी सृष्टी, वय नऊ. पण अकरा असेच लिहावे.

आधी गाडी अडवा, मग लिहा, असे मी म्हटले. आधी जबाब, असे मला सांगण्यात आले. हे वाक्य माझ्या आग्रहावरून घेतले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच व खरा आहे. वाचून संपला तेव्हा ठाण्याच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. शाळा पाचला सुटते.