मंजुषाची परी किती उडते

हॅलो?

हॅलो… हां, हां, येतोय आवाज. बोल मंजुषा.

व्हय, मीच पाठवलं. सकाळी. खेळातल्या तुझ्या परीचं नवं पान.

खरं सांगू? मी ते लिहिणारच नव्हतो. तीन दिवस वही उशाखाली होती. रोज म्हणायचो, राहू दे, जशी आहे तशी खेळू दे तिला. मग आज सकाळी उठलो अन् एका दमात…

अगं ऐक ना. ऐक तर आधी…

मच्छर? मच्छर कोण म्हणलं?

बरं. वीतभर उंची, चतुरासारखे पंख, जीव चार. चार घाव बसले की संपली. कमी आहेत, मान्य. सत्यमच्या पैलवानाला बावीस आहेत, हो. पण तो पैलवान आहे ना यार!

नाय, उडणं पुरं नाय काढलं. दिवसातून एकदा उडता येतं.

हो, एकदाच.

…हो, कोंबडी जास्त उडते. मान्य.

रडती काय तू? … बरं, नाय रडत. आवाज तसा आला.

थांब, एक मिनिट, खालून ट्रॅक्टर चाललाय. जिन्यात आलोय मी. आत ऑफिसात आप्पासाहेब बसलेत, प्लॉट बघायला गिऱ्हाईक यायचंय. सगळ्यांना रविवारच सापडतो. … हां, आता बोल.

काय?

ग्रुपमधून काढू? कोणत्या… आपल्या? खेळाच्या?

अगं पण आज चार वाजता… पुंडलिकनगरला, सोनियाच्या गच्चीवर… नेहमीसारखं… चटई टाकून ठेवते म्हणली ती…

मागच्या रविवारचं मला माहीत नाय का? गोष्ट सांगायला मीच होतो ना. मधी एवढा मोठा तलाव. पलीकडच्या काठावर राक्षस. अलीकडं कोरड्यात सत्याचा पैलवान, त्याच्या मागं सोनियाची हकीमबाई. अन् तुझी परी एका डावात भुर्रकन पाणी ओलांडून थेट राक्षसाच्या टाळक्यावर! डोळ्यात मिरचीपूड टाकली की परत वर. तो हात उचलतो तर ही ढगात. तीन डावांत राक्षस आडवा. अन् पैलवान जिथं होता तिथंच. दीड तास खेळलो, त्याचा तळपाय ओला नाय झाला!

मग चिडणारच ना सत्या.

…हो, चिटिंग म्हणला.

…हो, सगळ्यांसमोर.

…हो. मी काही बोललो नाय.

काय बोलणार होतो मंजे? मला पण वाटलं, पानावर काहीतरी… म्हणजे तू खोडून-बिडून…

नाय! तसं नाय!

…बरं, वाटलं. एक मिनिट वाटलं. खोटं काहून बोलू तुझ्याशी.

हॅलो?

मंजे? … आहेस ना?

अगं म्हणून तर बसलो ना हे सगळं करायला! मला कुणी शिकवलंय का? मोबाइलवर बघून-बघून नियम लिहिले, अर्धे कळले, अर्धे जुळवले. परी खेळात बसवणं लई अवघड असतं. उडणारं माणूस आलं की खड्डा, भिंत, नदी, सगळं वाया. बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? अन् पंख कापले तर मग परी घ्यायचीच कशाला… हो, तेच म्हणतीस तू. हो. मग मच्छर. कळलं.

पण मी अंदाजानं नाय कापले पंख! जेवणाच्या सुट्टीत रोज एकटा लढाया खेळलो. दोन्हीकडून मीच. परीचा फासा मी टाकायचा, राक्षसाचा पण मीच. चाळीस लढाया! डबा थंड. चाळीसच्या चाळीस परी जिंकली. जीव कमी केले, तरी जिंकली. मग म्हणलं आता उडण्यालाच हात लावावा…

तलावाचाच नकाशा, हो. दुसरा कशाला घेऊ?

काय साहेब? … नाय, घरचा फोन नाय. … परी. परी, साहेब. … खेळ आहे कागदावरचा. मी गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, अन् जे करायचं ते जमलं का नाय ते फाशावर ठरतं. … हो साहेब, मोठी पोरं पण खेळतात. … सव्वीस पूर्ण, साहेब.

मंजे, ठेवू नको हां. हसू नको. साहेब विचारतायत काहीतरी.

हर्सूलचा लेआउट? टेबलावर, निळ्या नळीत. … चौकटीच्या कागदावर, तोच. … कागदावरचं एक घर म्हणजे एक गुंठा साहेब, आपलं नेहमीचं. तेहतीस बाय तेहतीस…

तेहतीस…

मंजे.

थांब. बोलू नको. थांब.

तुझं जुनं पान आहे का जवळ? पहिल्या दिवशीचं, माझ्या अक्षरातलं. … शोध ना. … हां. वेग काय लिहिलाय?

सहा घरं. 'घरं' लिहिलंय? फूट नाय? नीट बघ.

अरे यार.

अरे यार, यार, यार.

अगं सत्याच्या पानावर तीस फूट आहे! सोनियाच्या पण तीस फूट! … नाय, नाय, सारखंच होतं ते. तेव्हा किल्ल्याचा नकाशा होता, एक घर पाच फुटाचं. सहा घरं म्हणजे तीस फूट. तुझं शेवटी लिहिलं, घाई झाली, म्हणून घरं लिहिली. काय फरक पडतो म्हणलं.

पण तलावाचा नकाशा मी इथं काढला. ऑफिसात, इथल्याच कागदावर. दिवसभर प्लॉट पाडतो मी, घर म्हणलं की हात गुंठाच काढतो. कोपऱ्यात लिहिलंय पण, माझ्याच हातानं, एक घर तेहतीस फूट! सहा घरं म्हणजे… एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे फूट उडत होती तुझी परी एका डावात! अन् सत्या तीस फूट. त्याला एक घरसुद्धा ओलांडता येत नव्हतं! अन् मी वरून त्याला म्हणतोय, सत्या, तू अजून त्याच घरात…

हस. हस, हक्क आहे तुझा.

अन् त्या चाळीस लढाया… त्याच नकाशावर! मी येडा आहे का मंजे?

हौ म्हणायची काय घाई होती?

म्हणजे परी चांगलीच होती. पहिल्यापासून. फाड ते नवं पान. … डिलीट कर मग, फाडल्यासारखं.

तरी थोडं बंधन लागंल तिला. तीस फूट केलं तरी उडती ना ती. … काय? … डाव संपला की टेकायचं? म्हणजे उडायचं, पण थांबायचं कशावर तरी… फांदीवर, दगडावर… सत्याच्या डोक्यावर? सत्याच्या! … थांब, थांब, मंजे, म्हणजे तो पाण्यात पुढं सरकल्याशिवाय तुला पुढं जाता येणार नाय. अन् धुकं ठेवलं तर तुझ्याशिवाय त्याला पलीकडचं दिसणार नाय. दोघं अडकले एकमेकांत! लई भारी. कुठं वाचलंस? … असंच सुचलं?

पेन नाय… सापडला. हातावर लिहितो. बोल. वजन लिंबाएवढंच उचलायचं. … जीव आठ. … दहा? नऊ. … बरं, दहा. पण वारं सुटलं तर फासा टाकायचा, पडली तर पडली. … डन.

आलो साहेब! … गिऱ्हाईक आलं वाटतं. हर्सूलला जाऊन तीनपर्यंत येतो मी. मग चारला येतीस ना?

काहून? सगळं निस्तरलं ना आता.

…

हां.

नाय, समजलं. परीचं नाय ते.

हो. सत्या तुला बोलत होता अन् मी वहीत बघत बसलो. हो. … तू माझ्याकडं बघितलं होतं, माहितीय मला. … हो, दोनदा.

आत्ता ग्रुपवर टाकतो ना. मस्त मोठा मेसेज, नकाशाच्या फोटोसकट… नको?

तोंडानं? सत्यासमोर? अगं वर्षभर गुंठामंत्री म्हणंल तो मला. सोनियाची आई पण म्हणंल. …

हो. तुला चिटर म्हणले ते पण तोंडानंच. बरोबर आहे.

आलो साहेब, दोन मिनिटं! गाडी काढा तुम्ही, आलोच!

मंजे, ऐक. मी सांगतो. … नाय, आधी ऐक पुरं. तू चारला ये, नको येऊ, ते तुझं तू ठरव, मी विचारणार नाय. पण खेळ सुरू व्हायच्या आधी मी सांगणार. नकाशा मी चुकवला, मंजुषानं एक अक्षर बदललं नव्हतं, अन् तिला खोटं ठरवलं तेव्हा मला पण शंका आली म्हणून मी गप बसलो. हे शेवटचं पण सांगणार.

…हो, ते पण.

तू नसलीस तरी. … हो मंजे, तू नसलीस तरी सांगणार. सत्या हसायला लागला तर त्याचं हसणं संपू देईन अन् उरलेलं सांगीन.

शब्द दिला तुला.

…हां. ठेवतो.