रंगाला पाठ

आत्या : रडू नंतर, ठकू. आधी सांग, रक्त थांबलंय का? आणि बोलून झालं की वायरलेस सेटचं बटण सोड, नाहीतर माझा आवाज तुला यायचा नाही.

मुलगी : थांबल्यासारखं वाटतंय. बाबांचा कमरपट्टा मांडीला आवळलाय. पण पाय त्या घरंगळून आलेल्या ओंडक्याखालीच आहे, आत्या. मी दोनदा जोर लावला. तो जरासुद्धा हलत नाही.

आत्या : ओंडक्याला आता हात लावायचा नाही. शुद्धीवर आहे ना तो?

वडील : शुद्धीवर आहे म्हणावं. अक्कल तेवढी सकाळपासून ठिकाणावर नव्हती.

आत्या : ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. दादा, ऑफिसातल्या वहीत तू जंगलाचा चौथा टप्पा लिहून गेलास. गार्डकाका आणि चौघं जण तासाभरापासून चौथ्यात हाका मारत फिरतायत. आहात कुठे तुम्ही?

वडील : पाचव्यात. चौथ्यात ओढ्याला पाणी फार होतं. म्हटलं पोरगी बरोबर आहे, वरच्या अंगाने जाऊ. वहीत बदलायचं राहिलं.

आत्या : राहिलं. पंधरा वर्षांच्या पोरीला सुट्टीत झाडं मोजायला नेतोस आणि वहीत बदलायचं राहतं. पाचव्यात कुठे?

वडील : वरच्या बाजूला. या धुक्यात नक्की नाही सांगता येत. थंडी वाजतेय गं.

मुलगी : आत्या, बाबांचे डोळे मिटतायत.

आत्या : गालावर चापट मार. माझ्या वाटणीचीपण मार. त्याला झोपू द्यायचं नाही, समजलं? तुझा कोट काढ आणि त्याच्या अंगावर टाक.

मुलगी : कधीच टाकलाय. काका कधी येतील?

आत्या : मी नकाशासमोर उभी आहे. पाचवा टप्पा माझ्या अख्ख्या पंजाएवढा आहे, ठकू. पाच माणसं, त्यात हे धुकं. शोधायला संध्याकाळ होईल.

मुलगी : संध्याकाळपर्यंत बाबा...

आत्या : पुढचं बोलू नकोस. माझं ऐक. मागच्या साली दुसऱ्या टोळीने पाचव्यातली झाडं खालून मोजत आणली होती. मोजलेल्या झाडावर पत्र्याचा नंबर ठोकलेला असतो. तुमच्याजवळ आहे असं एखादं झाड?

मुलगी : नाही. नंबर घालायलाच तर आलो होतो.

आत्या : मग मोजणी संपली ती झाडं उताराला, खालीच असणार. त्यातल्या एकाचा आकडा मला मिळाला, तर त्याची जागा इथे वहीत लिहिलेली आहे. काकांना तिथवर नेमकं पाठवता येईल.

मुलगी : म्हणजे मी बाबांना सोडून जाऊ?

आत्या : हो.

मुलगी : मला समोरची दहा पावलं दिसत नाहीत, आत्या. मी परत कशी येणार? मला नाही जमायचं. तू दुसरं काहीतरी सांग ना.

वडील : रंगाचा डबा घेऊन जा. दर झाडाला एक पट्टा ओढायचा आणि पुढच्याकडे बघायचं. रोज आपण तेच करतो की. ती शिट्टी माझ्या गळ्यात घाल. वाजवत राहतो, म्हणजे मी आहे हे तुला कळेल.

मुलगी : आणि बाबा, तुम्ही...

वडील : मी कुठे पळून चाललोय? जा.

आत्या : सेट घेऊन जा, ठकू. सरळ खाली.

*

मुलगी : आत्या, तीस झाडं झाली. एकावरही नंबर नाही. माझे हात बधिर झालेत, ब्रश धरता येत नाही.

आत्या : शिट्टी ऐकू येते का?

मुलगी : येते. मघापेक्षा हळू येते.

आत्या : तू लांब गेलीस म्हणून हळू येते. चालत राहा.

मुलगी : खरं सांग, लांब गेले म्हणूनच ना?

आत्या : खोटं मी कर वसूल करणाऱ्यांशी बोलते, तुझ्याशी नाही. चाल.

मुलगी : थांब. थांब, इथे काहीतरी चकाकतंय. शेवाळ आहे वर. नखाने काढते. दोन... दोन हजार... तीनशे चौऱ्याण्णव. आत्या, दोन तीन नऊ चार.

आत्या : दोन तीन नऊ चार. पान उलटते. हा गठ्ठा नाही. एवढ्या जाड वह्या कोण बांधतं कोण जाणे. हं. हं, सापडलं. जुन्या दगडखाणीच्या वर, डाव्या हाताला. अगं, म्हणजे तुम्ही टप्प्याच्या पार कडेला आहात. काकांना कळवते. बटणावरून हात काढ.

(सेटवर थोडा वेळ खरखर.)

आत्या : निघाले ते. पाऊण तासात तुझ्या झाडापाशी पोचतील. शाबास, पोरी. आता त्या झाडाला टेकून बस आणि तिथून हलू नकोस.

मुलगी : शिट्टी थांबली.

आत्या : काय?

मुलगी : शिट्टी थांबलीय, आत्या. तू काकांशी बोलत होतीस तेव्हाच. मी शंभर आकडे मोजले.

आत्या : दमला असेल.

मुलगी : झोपले असतील. तू म्हणालीस झोपू द्यायचं नाही. मी परत जाते.

आत्या : जायचं नाही. हे आत्या म्हणून नाही, ऑफिस म्हणून सांगते. तू त्या झाडापाशी आहेस हे मला माहीत आहे. तिथून हललीस आणि चुकलीस, तर मला दोघांना शोधावं लागेल. घरी वहिनीला मी कुठल्या तोंडाने सांगू?

मुलगी : आणि मी इथे बसून राहिले आणि बाबा गेले, तर मी आईला कुठल्या तोंडाने सांगू?

आत्या : ठकू.

मुलगी : खुणा केल्यात ना मी. खुणांवरून जाते.

*

मुलगी : आत्या. आत्या, खुणा नाहीत.

आत्या : नाहीत म्हणजे?

मुलगी : मी वळले तर एकाही झाडावर रंग नाही. सगळी झाडं कोरी आहेत. सगळीकडे सारखंच दिसतंय.

आत्या : श्वास घे. रंग कुठल्या बाजूला ओढलास?

मुलगी : समोर. जाताना माझ्यासमोर येईल त्या बाजूला. आम्ही नेहमी तसंच ओढतो. कधी आल्या वाटेने परत येतच नाही, काम झालं की खाली रस्त्याला उतरतो.

आत्या : अगं बाई. मीच मूर्ख. वीस वर्षं याच ऑफिसात बसते आणि दोन्ही बाजूंना ओढ, एवढं सांगायचं मला सुचलं नाही. नंबराच्या झाडापाशी परत जा.

मुलगी : त्याच्याचजवळ आहे, दिसतंय मला. पण आत्या, इथे कुणीतरी आहे.

आत्या : कोण?

मुलगी : माहीत नाही. पानं वाजतात. मी थांबले की तेही थांबतं.

आत्या : पळू नकोस. पळायचं नाही, ऐकलंस? झाडाला टेकून उभी राहा आणि मोठ्याने बोल. जनावर असेल तर माणसाच्या आवाजाने बाजूला होईल. पाढे म्हण.

मुलगी : कुठला?

आत्या : कुठलाही. सतराचा म्हण.

मुलगी : सतराचा मला येत नाही.

आत्या : मग चुकीचा म्हण, त्याला कुठे येतोय?

मुलगी : सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक... सतरा चोक अडुसष्ट. आत्या, गेलं वाटतं. खाली गेलं.

आत्या : मग आता तिथेच टेकून राहा.

मुलगी : आत्या, माझ्या पाठीला ओलं लागलंय. रंग आहे. या नंबराच्या झाडावरही मी पट्टा ओढला होता आणि नेमकी त्यालाच टेकले.

आत्या : मरू दे तो सदरा.

मुलगी : नाही, ऐक ना. रंग मी आले त्या बाजूला आहे. म्हणजे रंगाला पाठ लावून उभी राहिले, तर माझं तोंड मी जिथून आले तिकडे आहे. आधीचं झाड समोरच असणार. त्याच्या पलीकडे जायचं, रंग चाचपायचा, पाठ लावायची, पुन्हा सरळ.

आत्या : आणि रंग हाताला लागला नाही तर?

मुलगी : तर मागच्या झाडाला परत. तीसच झाडं आहेत.

आत्या : मी नको म्हटलं तर थांबशील?

मुलगी : नाही.

आत्या : मग जा. प्रत्येक झाडाला मला आकडा सांग.

मुलगी : तीस. लागला रंग. एकोणतीस. अठ्ठावीस, हा नाही, हा कोरा आहे. मागे येते. हं, शेजारचं होतं. अठ्ठावीस.

*

मुलगी : तीन. दोन. बाबा. बाबा, उठा. आत्या, ओठ निळे पडलेत, मी हलवतेय पण उघडत नाहीत डोळे. बाबा.

आत्या : त्याच्या नाकाखाली तुझा गाल धर, श्वास लागतो का बघ.

मुलगी : धरलाय. काही... थांब. येतोय. गरम लागतोय, अगदी थोडा.

आत्या : अंगाला अंग लावून झोप त्याच्याजवळ. हातपाय चोळ. काका नंबराच्या झाडाशी पोचलेत. विचारतायत, पुढे कुठे.

मुलगी : त्यांना सांग, झाडावरचा रंग शोधा आणि रंगाला पाठ लावून सरळ चढा. चुकलं तर मागच्या झाडाला परत या. आणि करवत पुढच्या माणसाकडे द्या, आधी ओंडका कापावा लागेल. मांडीचा कमरपट्टा कुणी सोडायचा नाही.

आत्या : सांगते. अगदी असंच सांगते.

मुलगी : बाबांनी बोट धरलं माझं. डोळे नाही उघडले, पण धरलं. आत्या? आत्या, तू आहेस ना?

आत्या : आहे. एक काम करशील? सेट त्याच्या तोंडाजवळ नेऊन बटण दाबून धर. त्याला बोलायला लावू नकोस. नुसता श्वास ऐकू दे.

मुलगी : धरते... आला का ऐकू?

आत्या : आला. अजून थोडा वेळ धर.