हरवलेले सात व्होल्ट

सून : मी फोनच करून टाकते, आई. सांगते त्यांना, आज जमत नाही, काम दुसऱ्या कुणाला द्या.

सासू : थांब गं जरा. किती वाजलेत?

सून : साडेआठ. दहाला हॉस्पिटलच्या मागच्या गेटवर गाडी उभी पाहिजे. रक्ताचे नमुने गोळा करत चार ठिकाणी जायचं, प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद करायचं, परत चालू करायचं. म्हणून तिथला माणूस आधी आपल्यादेखत पाच वेळा किल्ली फिरवायला लावतो. पाचात एकदा जरी अडली तरी काम गेलं. आणि इथे दारातच, किल्ली फिरवली की नुसतं टक टक टक.

मिस्त्री : वहिनी, मी दोर घेऊन आलोय. ओढून गॅरेजला नेतो, स्टार्टर खाली घेतो, दुसरा टाकतो. संध्याकाळी गाडी दारात, काय?

सून : संध्याकाळी काय करू तिचं? मागे तुम्ही म्हणालात बॅटरी, ती बदलली. मग म्हणालात स्टार्टर, तोही बदलला. आता परत स्टार्टर?

मिस्त्री : वस्तू आहे, खराब निघू शकते. माझा काय हात त्यात?

सासू : मिस्त्री, तुमच्याकडे मीटर असेल ना?

मिस्त्री : मीटर लावून झालाय, काकू. साडेबारा व्होल्ट दाखवतो. बॅटरी ठणठणीत आहे.

सासू : लावलात कुठे?

मिस्त्री : बॅटरीच्या दोन टोकांना. आणखी कुठे लावणार?

सासू : आणि किल्ली फिरवताना?

मिस्त्री : तेव्हा... तेव्हा नाही बघितला.

सासू : द्या इकडे.

सून : आई, हात काळे होतील तुमचे. आणि बॅटरी आहे ती, उगीच झटका बिटका...

सासू : बारा व्होल्टचा काय झटका बसतोय? हातात बांगडी नको, धातू टेकला की ठिणगी उडते, तेवढं पाळायचं. ही घे, धर. अगं अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी. तिथे काय नुसते फोन उचलत होते असं वाटलं तुला?

सून : खरं सांगू? तसंच वाटायचं. हे नेहमी म्हणतात, आई ऑफिसात होती.

सासू : लाइनीतले फॉल्ट शोधायचे मी. फोनमध्ये खरखर आली की आमचे साहेब आधी फोन बदलायचे, मग वायर बदलायचे. आणि निम्म्या वेळा गडबड निघायची अर्थिंगची. वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं. जायची वाट सगळे तपासतात, परतीच्या वाटेकडे कुणी ढुंकून बघत नाही. तू बस आत. गिअर काढ, हँडब्रेक ओढ. मी म्हटलं की किल्ली फिरवायची, मनात दोन मोजायचे आणि सोडायची.

मिस्त्री : काकू, एक पिन मायनसला लावलीत, ठीक आहे. दुसरी इंजिनाला कशाला?

सासू : परतीची वाट इंजिनापासून बॅटरीपर्यंत. वाट मोकळी असेल तर या दोन टोकांमध्ये मीटर जवळजवळ शून्य दाखवेल. कुठे अडथळा असेल तर तिथे व्होल्ट सांडतील आणि आकडा वर जाईल. चष्मा वर राहिलाय माझा, तुम्ही वाचा. फिरव गं.

मिस्त्री : थांबा. हे काय? सात. सात पॉइंट एक.

सून : सात म्हणजे किती वाईट?

सासू : पाव व्होल्ट आला असता तरी मी तोंड वाकडं केलं असतं. बारातले सात वाटेतच सांडले, तर तुझ्या स्टार्टरच्या वाट्याला आले पाच. तो बिचारा टक टक करण्यापलीकडे काय करणार?

मिस्त्री : म्हणजे स्टार्टर चांगला आहे?

सासू : लगेच बघू. तुमच्याकडे जंप केबल आहे ना? एकच वायर आणा, काळी. हे टोक बॅटरीच्या वजा खांबावर. दुसरं इंजिनाच्या या उघड्या बोल्टवर, फिरणाऱ्या पट्ट्यापासून लांब. विजेला एक तात्पुरती वाट करून देतोय आपण. हं, फिरव.

सून : आई, चालू झाली. ऐकलंत? अर्ध्या किल्लीत चालू झाली.

सासू : बंद कर. परत कर.

सून : परत झाली. चला, निघू मी? अशीच जाते.

सासू : अशी लोंबती वायर घेऊन? खड्ड्यात निसटली की तिथेच बसशील. आधी खोड सापडू दे. बंद कर गाडी. मिस्त्री, ती वायर काढा, आता वाटेचे तुकडे पाडू. एक पिन इथेच, खांबावर. दुसरी आधी खांबाला धरलेल्या या क्लॅम्पवर. फिरव.

मिस्त्री : शून्य.

सासू : आता मायनसच्या केबलच्या खालच्या टोकावर, जिथे ती गाडीच्या बॉडीला आवळलीय. फिरव.

मिस्त्री : पॉइंट एक.

सासू : केबल निर्दोष सुटली. आता त्याच बोल्टच्या बाजूला, बॉडीच्या पत्र्यावर. पिन जरा रुतवा, रंग खरवडून आत जाऊ दे. फिरव.

मिस्त्री : सात. आयला, सात. बोटभर अंतरात सात व्होल्ट?

सासू : पत्रा बघा तिथला. काय दिसतंय?

मिस्त्री : रंग. बोल्टच्या खालीसुद्धा रंगच आहे.

सून : गेटच्या खांबाला गाडी घासली तेव्हा ही बाजू रंगवून घेतली होती. दोन महिने झाले. आणि आई, तेव्हापासूनच अडायला लागली ही.

मिस्त्री : माझ्याच गॅरेजात रंगवली वहिनी. पेंटरने केबल सोडली, खाली रंग मारला आणि वरून तशीच आवळली. मी समोर उभा होतो चहा पीत. दोन महिने मी बॅटरी काय, स्टार्टर काय... जाऊ द्या. पॉलिश पेपर आणि दहाचा पाना घेऊन येतो. दहा मिनिटांत आलोच.

सून : नऊ वाजले. होईल ना आई?

सासू : होईल. तू घाम पूस आधी.

सून : एक विचारू? तुम्हाला तर ही गाडी नकोच होती. हे बाहेरगावी गेले तेव्हा तुम्हीच म्हणालात, विकून टाका. मी आठ दिवस मनात धरून बसले होते.

सासू : माहितीये. भांडी आपटायचीस तेव्हा कळायचं.

सून : मग आज कशाला इतकी धडपड?

सासू : गाडीवर राग नव्हता गं. तू चाकामागे बसलीस की दिवसभर बाहेर. मी घरात एकटी भिंतींकडे बघत. हे तोंडाने म्हणायचं कसं? म्हणून गाडीला नावं ठेवली. आणि मघाशी तू फोन हातात घेतलास, तेव्हा मला माझंच वाईट वाटलं. माझ्या मनासारखं होत होतं, आणि ते बघवेना.

सून : आई...

सासू : रडू नकोस, गाडी चालवायचीय. तो बघ आला.

मिस्त्री : घ्या. आधी मायनस सोडतो. बोल्ट काढला. किती घासू?

सासू : पांढरा पत्रा चकाकेपर्यंत. केबलच्या टोकाच्या गोल कडीची खालची बाजूसुद्धा. दातेरी वॉशर आहे? तो घाला, पत्र्याला चावा घेऊन बसतो. आवळा. अजून आवळा. आता वरून ग्रीस, गंज धरायला नको. जोडा बॅटरी. जंप केबल बाजूलाच राहू दे. मीटर पुन्हा पहिल्या जागी. फिरव गं.

सून : झाली चालू, झाली.

मिस्त्री : पॉइंट एक पाच. काकू, सातावरून पॉइंट एक पाच.

सासू : नऊ पंचवीस. पळ आता. बांगडी दे माझी.

(दुपारी, पुन्हा त्याच दारात.)

सून : तुम्ही दोघं अजून इथेच? ऐका तरी. त्या माणसाने पाच वेळा फिरवायला लावली, पाचही वेळा गाडी एका झटक्यात. त्याचा विश्वासच बसेना, जुनी गाडी ना. म्हणाला, अजून एकदा. सहाव्यांदाही झाली. सोमवारपासून काम. सकाळी सात ते तीन.

मिस्त्री : अभिनंदन वहिनी. जुना स्टार्टर ठेवलाय मी, तो चांगलाच असणार. परत बसवून देतो, नव्याचे पैसे परत. आणि मी काकूंना एक विचारायला थांबलोय. गॅरेजात एक टेम्पो आहे, त्याचे दिवे मनाला येईल तेव्हा लागतात. दुसरी एक कार, रात्रभर उभी केली की बॅटरी संपते. मी निम्मं सामान बदलून बसलोय. सकाळी दोन तास याल का? फुकट नाही म्हणत मी.

सासू : रात्रभरात बॅटरी संपते? म्हणजे बंद गाडीत कुठेतरी करंट वाहतोय. तिचे फ्यूज एकेक करून काढून बघितलेत का?

मिस्त्री : नाही ना. म्हणून तर म्हणतो, या.

सासू : सोमवारी येते. आठ वाजता. आधी नाही, माझा चहा व्हायचा असतो.

सून : अहो आई, पण मग मी तीनला येईन तेव्हा तुम्ही घरी असाल की नाही?

सासू : ते आत्ता कसं सांगू? टेम्पोचं बघायला हवं. घराची किल्ली शेजारी ठेवून जाईन.