मधली खुर्ची

छातीच्या एक्स-रेसाठी सगळ्यांना केसपेपरच्या नंबराप्रमाणे बसवलं होतं. शिंपीणबाईंच्या डावीकडे म्हातारे गणिताचे मास्तर आणि त्यांच्यापलीकडे सोबत आलेली त्यांची मुलगी. उजवीकडची खुर्ची रिकामी.

“बाबा, तुमचा नंबर दहा लाख सदतीस.”

“मूळ संख्या. कशानेही भाग जात नाही.”

“लगेच कसं कळलं?”

“जुनी ओळख आहे. जुळ्यातली आहे ती. एक सोडून पुढची, दहा लाख एकोणचाळीस, तिलाही भाग जात नाही.”

“आणि मधली?”

“तिला सहाने भाग जातो. अशा जुळ्यांच्या मध्ये सापडलेली फुटतेच.”

शिंपीणबाईंनी आपला केसपेपर पाहिला. दहा लाख अडतीस.

“जुळं म्हटलं की तुम्हाला काका आठवतो. जन्मला त्याच दिवशी गेला ना तो?”

“गेला कुठे? एक जागा सोडून बसतो. शाळेतही तसाच बसायचा.”

“मध्ये कोण असायचं मग?”

“असायची कोणी पोरं. टिकायची नाहीत.”

“बाबा, हळू! त्या बाई ऐकताहेत.”

“त्यांनाच सांगतोय.”

“सदतीस!” आतून हाक आली.

मुलीने मास्तरांना धरून उठवलं, आत नेलं. दार लागलं. डावीकडच्या दोन्ही खुर्च्या मोकळ्या झाल्या, तशी शिंपीणबाईंनी पदराने मान पुसली आणि पाय सैल सोडले.

“घाबरू नका, बाई,” उजवीकडून मास्तरांचाच आवाज आला, “आता तुमचाच नंबर.”