सांडू दाभाडेंच्या नंबरवरून आलेला आवाज

दि. ०८/०५/२०२४

मी सत्यभामा सांडू दाभाडे, वय ४७, धंदा पाण्याचे टँकर, रा. चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, आमचे तीन टँकर आहेत. धंदा माझे पती सांडू यांनी उभा केला. ते मार्च २०२२ मध्ये वारले. यंदा बोअर आटले, इमारती वाढल्या, त्यामुळं गिऱ्हाईक लई वाढलं.

पती रोज सकाळी सातला गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोलून टाकायचे, "जय भीम मंडळी, गाडी निघाली, पाईप तयार ठेवा." ते गेल्यावर त्यांच्या फोनवरून तोच जुना आवाज मी रोज पुढं पाठवत आले. नवीन इमारतीतल्यांना ते नाहीत हे माहीतच नाय. मुलगी निशा म्हणायची, "आई, निदान व्हॉट्सअॅपला पिन तरी टाक." मी म्हणाले, मेलेल्या माणसाच्या फोनला कुलूप कशाला.

काल दि. ०७ रोजी सकाळी ९.१० वा. पतीच्या फोनवर एका इसमाचा फोन आला. "नंबरवाले मयत आहेत, नंबर आज बंद होईल. चालू ठेवायचा तर आलेला कोड सांगा." मी कोड सांगितला. त्या फोनवरचं व्हॉट्सअॅप लगेच बंद पडलं.

१०.४० वा. माझ्या फोनवर ग्रुपमध्ये पतीचा आवाज आला, "मंडळी, पाण्याची लई ओढ हाय. आज आधी पैसे टाका, तरच गाडी येईल." खाली परका क्यूआर कोड होता. असा आवाज मशीनवर तयार करतात, हे आज मला इथं समजलं. पण ते खोटं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. दोन वर्षांत त्यांचं नवीन वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी ते परत परत लावलं. ग्रुपवर कळवलं असतं तर आवाज थांबला असता, म्हणून कळवलं नाही. तेवढ्यात बावीस घरांनी पैसे भरले. ही माझी चूक आहे.

दुपारी १.१५ वा. मी पतीच्या नंबरवर विचारलं, "जेवलात का?" हे जबाबात नको, असं हवालदारसाहेब म्हणाले. मी म्हणाले, लिहा.

पतीच्याच आवाजात उत्तर आलं, "जेवलो. बँकेचा कोड आला असंल, तो सांग." माझे पती मला 'तू जेवलीस का' विचारल्याबिगर कधी जेवले नाहीत. मी कोड दिला नाही. ग्रुपवर लिहिलं, "पैसे भरू नका. सांडू दाभाडे दोन वर्षांपूर्वी वारले." हे मी पहिल्यांदाच लिहिलं. नवीन इमारतीतल्या सातव्या मजल्यावरच्या एका बाईंचा फोन आला, "मावशी, मग रोज सकाळी कोण बोलतं?"

निशानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. यापुढं व्हॉट्सअॅपला पिन राहील, आणि पैशाचा निरोप आला तर गिऱ्हाइकानं मला फोन लावून खात्री करायची, असं सगळ्यांना कळवलं आहे. बावीस घरांना मी पाणी देणार आहे.

संपर्कासाठी नंबर विचारला असता मी पतीचाच सांगितला. तो खोडून माझा लिहिला आहे. ही खाडाखोड माझ्यासमोर झाली. जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे.