दोन्ही बाजूंना अर्धा इंच

दुकानदारीण : नाही हो मास्तर, असं चॅनल जगात कुणी बनवत नाही. ड्रॉवर सरकवायचा म्हटला की त्याच्या बाजूला जागा लागणारच.

शिंपी : मला मास्तर कशावरून म्हणालात?

दुकानदारीण : गळ्यात टेप लटकतोय, शर्टाला दोऱ्याची टोकं चिकटलीत. शिंपी नाही तर काय पैलवान म्हणू? बसा आधी. आणि तो ड्रॉवर असा छातीशी धरून उभे राहू नका, कुणी पळवत नाही. ठेवा काउंटरवर.

शिंपी : हळू. कोपरा लागेल.

दुकानदारीण : ठेवते हो हळूच. हं, आता बघा. हे साधं चॅनल, ड्रॉवर सरकायची लोखंडी पट्टी. आणि हे सॉफ्ट क्लोज, शेवटी आपलं आपण अलगद मिटतं. दोन्हींची जाडी सारखीच, अर्धा इंच. एक डावीकडे, एक उजवीकडे. म्हणजे ड्रॉवर खणापेक्षा एक इंचानं अरुंद हवा. तुमचा केवढा आहे?

शिंपी : खण जेवढा तेवढाच. सूतभरही कमी नाही.

दुकानदारीण : मग इथंच घोडं पेंड खातंय! केलाय कुणी हा? सुतारानं केला असेल तर त्याला घरी बसवा.

शिंपी : घरीच केलाय. ओट्याखाली बसवायला.

दुकानदारीण : तरीच! व्हिडिओ बघून केला असणार. व्हिडिओत करवत लोण्यातून जाते हो, आणि सगळे नेमकी चॅनलची जागा सोडायला विसरतात. कोण तो शहाणा, त्यालाच धाडा इकडे. समोर उभा करून शिकवते.

शिंपी : धाडता येणार नाही.

दुकानदारीण : का? लाजतोय?

शिंपी : लेकीनं केलाय माझ्या. ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

दुकानदारीण : अगं आई गं! मास्तर, माझ्या या जिभेला हाड म्हणून नाही.

शिंपी : तुम्हाला काय माहीत. म्हणून तर एवढ्या लांब आलो. आमच्याकडच्या दुकानात सगळे ओळखतात. चॅनल दाखवायच्या आधी डोळे पुसायला लागतात, मग मलाच त्यांची समजूत घालत बसावं लागतं.

दुकानदारीण : पाणी देऊ?

शिंपी : नको. चॅनल दाखवा. पातळातलं पातळ.

दुकानदारीण : पातळातलं पातळसुद्धा तुमच्या कामाचं नाही. ड्रॉवरच्या तळाखाली लपणारं एक येतं, त्यालाही थोडी जागा लागतेच. लाकडी पट्टीवर सरकवायचा म्हणालात, तर हा आत जाईल आणि पहिल्या दमट दिवशी फुगून बसेल. मग ओढा दोघं मिळून. खरं सांगू? ड्रॉवर कमी करायला हवा.

शिंपी : तो नाही कमी करायचा.

दुकानदारीण : माझा कारागीर...

शिंपी : करवत लावू देणार नाही मी. मागच्या दुकानातही तेच, त्याच्या आधीच्यातही तेच. कापा, कापा, कापा! आत बाजूच्या फळीवर बघा, पेन्सिलीनं काय लिहिलंय.

दुकानदारीण : "आईचा पसारा."

शिंपी : घरी असे आणखी आहेत, प्रत्येकात लिहून ठेवलंय. कशात काय जाणार ते.

दुकानदारीण : मग खण मोठा करता येईल का?

शिंपी : तेच माझ्या मनात आहे. सांगाडा उलगडतो, रुंद करतो.

दुकानदारीण : वर ओट्याचा दगड बसलाय?

शिंपी : बसलाय. तिनंच बसवून घेतला, पाठीशी उभं राहून.

दुकानदारीण : म्हणजे दगड काढायचा, सांगाडा मोडायचा, पुन्हा उभा करायचा. कशासाठी, तर एका इंचासाठी. द्राविडी प्राणायाम झाला हो हा.

शिंपी : होऊ दे. मला दुसरं काय काम आहे?

बायको : (दारातून, धापा टाकत) सापडलात एकदाचे!

शिंपी : तू कशी आलीस इथं?

बायको : विचारत विचारत. माणूस ड्रॉवर मांडीवर घेऊन बसमध्ये बसला की अख्खी बस लक्षात ठेवते. सांगून तरी जायचं! मी शिलाई मशीनपाशी बघितलं, गच्चीवर बघितलं. नको नको ते मनात आलं माझ्या.

दुकानदारीण : वहिनी, बसा. हे स्टूल घ्या.

बायको : बसत नाही ताई. काय ठरलं यांचं? इथंही कुणाला हात लावू देत नाहीत ना?

शिंपी : सांगाडा रुंद करायचा म्हणतोय मी.

बायको : दगड काढून?

शिंपी : दगड काढून.

बायको : शाबास! अहो, ती गेल्यापासून माझं स्वयंपाकघर बैठकीत खोक्यांत पडलंय. चमचा हवा तर खोकं उपसा. गाळणी हवी तर दुसरं उपसा. परवा कात्रीनं भाजी चिरली मी, सुरी सापडेना म्हणून. आणि तुम्ही उरला-सुरला ओटाही मोडायला निघालात?

शिंपी : तिच्या हातचं एवढंच राहिलंय.

बायको : हातचं! माझ्या तर पोटचीच गेली. मला नाही का काही होत? रोज सकाळी ओट्याशी उभी राहते आणि ते रिकामे खण तोंड वासून बघतात माझ्याकडे. पातेलं ठेवायचं म्हटलं तरी तिकडे बघावं लागतं. तुम्ही उंबऱ्याच्या बाहेर बसून चहा पिता, तुम्हाला काय!

शिंपी : मी आत येत नाही, कारण मला बघवत नाही.

बायको : मग मला बघवतं?

दुकानदारीण : मी मध्ये बोलू का? वहिनी, हा ड्रॉवर मी जरा उलटा करते. मास्तर, घाबरू नका, हळूच करते. हं... हे बघा. सांध्यात नख घालून बघा.

शिंपी : काय झालं? मोडला?

दुकानदारीण : मोडतोय कशाला. गोंद नाही लावलेला. चारी कोपरे नुसत्या स्क्रूवर उभे आहेत, आणि तळसुद्धा चार बारीक खिळ्यांवर टेकवलाय. पक्का ड्रॉवर करणारा आधी गोंद लावतो, मग स्क्रू.

शिंपी : म्हणजे अर्धवटच राहिला.

दुकानदारीण : तेही नाही वाटत. घाईतलं काम असं नसतं. स्क्रू बघा किती सरळ गेलेत. आता करवतीचंही ऐकून घ्या. या बाजूंना हात लावायची गरजच नाही, लिहिलेलं आहे तसं राहील. स्क्रू काढायचे, पुढची फळी, मागची फळी आणि तळ एक इंचानं आखूड करायचा, पुन्हा जोडायचं. गोंद असता तर फोडावा लागला असता. ही पोर शिकली कुणाकडे?

शिंपी : कुणाकडे नाही. माझ्या मशीनखाली चिंध्या गोळा करत मोठी झाली.

बायको : अहो.

शिंपी : काय?

बायको : पहिला झगा शिवला तिनं बाहुलीचा, तेव्हा कापड कमी पडलं म्हणून रडत बसली होती. तुम्ही काय सांगितलंत?

शिंपी : मोठं कापावं. मोठं असलं तर आत घेता येतं, कमी पडलं तर आणणार कुठून?

बायको : आणि मग?

शिंपी : मग काय... अगं, ही कच्ची शिलाई आहे!

दुकानदारीण : म्हणजे?

शिंपी : लांब लांब टाके घालायचे, नुसतं उभं राहण्यापुरते. अंगावर चढवून बघायचं. नीट बसलं की ते टाके उसवायचे आणि मग पक्की शिलाई. तिनं कच्ची शिलाई घातलीय याला. मोठा कापला, गोंद लावला नाही...

दुकानदारीण : आणि चॅनल हातात येईपर्यंत थांबली. मास्तर, मी तिला विसरभोळ्यांत काढलं. चुकलं माझं. चॅनलची जाडी मोजल्याशिवाय शेवटचा काप घ्यायचा नाही, हे भल्या भल्या सुतारांना सुचत नाही.

शिंपी : मला सुचलं नाही! जन्म गेला माझा कच्चे टाके उसवण्यात, आणि लेकीचं काम मला ओळखू येऊ नये? कुलपात ठेवल्यासारखे ठेवले होते हो मी हे ड्रॉवर. कुणी बोट लावलं की ओरडायचो.

बायको : रडा. इथं रडा हवं तर. घरी तर रडलाच नाहीत तुम्ही.

दुकानदारीण : पाणी घ्या. घ्या हो, मास्तर. गिऱ्हाईक आलं तर मी बघते.

शिंपी : ...द्या. चॅनल द्या.

दुकानदारीण : साधं की सॉफ्ट क्लोज?

शिंपी : तिचं म्हणणं सॉफ्ट क्लोजचं होतं. आई ड्रॉवर आपटते म्हणायची.

बायको : आणि मी म्हणायची, नाकापेक्षा मोती जड. यावरून आमची जुंपायची. शेवटी हो म्हटलं मी, तिच्या समाधानासाठी.

शिंपी : मग तेच घेऊ.

बायको : नको. साधं द्या, ताई.

शिंपी : अगं, तिला हवं होतं ते...

बायको : तिला हवं होतं, कारण तेव्हा घरात भांडायला दोघी होतो. आता मला राग आला तर मी काय करू? तुमच्यावर ओरडावं तर तुम्ही मान खाली घालता. देवाला बोलावं तर तो ऐकत नाही. मला आपटायचंय हो काहीतरी. मोठ्यानं आपटायचंय.

शिंपी : आपट.

बायको : शेजारी काय म्हणतील?

शिंपी : म्हणू देत. ताई, साधं द्या. सगळ्या ड्रॉवरना. आणि जास्तीत जास्त आवाज करणारं असलं तर तेच द्या.

दुकानदारीण : देते. चांगल्यातलं देते, कितीही आपटलं तरी निखळायचं नाही. सगळं खोलून, कापून देऊ का माझ्या कारागिराकडून?

शिंपी : नको. उसवणं माझंच काम आहे. स्क्रू काढायला पेचकस आहे घरी. फळ्या तेवढ्या उद्या घेऊन येतो, त्या कापून द्या. करवत मात्र मला धरवणार नाही.

दुकानदारीण : या. मी स्वतः उभी राहून कापून घेईन.

बायको : चला आता. ड्रॉवर माझ्याकडे द्या, तुम्ही चॅनलची पिशवी घ्या.

शिंपी : थांब जरा. कच्ची शिलाई झाली की मी माणसाला बोलावतो. घालून बघ म्हणतो, कुठं दाटतंय ते सांग म्हणतो.

बायको : माहीत आहे मला.

शिंपी : आता कुणाला बोलावू गं?

बायको : मला बोलवा. मी आहे अजून.