शनिवारची मेरन

औषधाच्या दुकानात रांगेत माझ्या पुढे दोघी उभ्या होत्या. एक म्हातारी आर्डिथ, दुसरी तिची शेजारीण कोरीन. कोरीनच्या नऊ वर्षांच्या लेकीला, मेरनला, अभ्यासात लक्ष लागावं म्हणून गोळी चालू आहे, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक.

“फरक पडला का गं गोळीनं?”

“पडला तर! अक्षर मोत्यासारखं झालंय. बाईंनी वर्गात सगळ्यांना वही दाखवली.”

“मग तोंड का उतरलंय तुझं?”

“गोळीनं भूक मरते, म्हणून शनिवार-रविवार गोळीला सुट्टी असते, तेवढीच पोटभर जेवते. दोन दिवस घर डोक्यावर घेते.”

“घेऊ दे की! पोर आहे.”

“मागच्या शनिवारी वही उघडून मलाच विचारते, ‘आई, हे कोण लिहितं?’”

“नाटकी आहे कार्टी.”

“मीही हसले. काल शाळेतून आली आणि फ्रीजवर चिठ्ठी लावली. त्याच अक्षरात.”

“काय लिहिलं होतं?”

“‘आई, उद्या तिला येऊ देऊ नकोस. ती माझी वही फाडते.’”

“अगं बाई!”

“गोळ्यांची बाटली तेव्हापासून माझ्या पर्समध्येच आहे. आज परत देऊन टाकणार. नको ती गोळी.”

“बरं करतेस. पोरगी कुठाय?”

“गाडीत. झोपेतच उचलून आणली. एव्हाना उठून धिंगाणा घालत असेल.”

आर्डिथनं काचेतून बाहेर पाहिलं.

“कोरीन, ती तर मांडीवर वही घेऊन ताठ बसलीय. लिहितेय काहीतरी.”

“काहीतरीच काय!”

“आज शनिवारच ना गं?”